बाकीच्या दहा जणांनी कुठे उभं राहायचं ते गोलकी ठरवतो

डाव्या_पायाचा (धागाकर्ता)

परवा ऑफिसात डबा खाताना वाद झाला. आमच्यातला एक कट्टर मँचेस्टर युनायटेडवाला म्हणाला, "मँचेस्टर सिटीने गोलकीपर एडरसनला सोडलं आणि डोनारुम्माला आणलं. पायाने खेळणाऱ्या गोलकीपरचं खूळ खुद्द कोच पेपनेच गुंडाळलं." पोळीचा घास तोंडात असल्यामुळे नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगतो.

गोलकीपर चांगला की वाईट हे आपण सेव्हवरून ठरवतो. सेव्ह दिसतात, हायलाइट्समध्ये येतात. पण नव्वद मिनिटांत कीपरला खऱ्या अर्थाने झेपावं लागतं ते तीन-चार वेळा. उरलेला वेळ तो काय करतो? माझं म्हणणं एवढंच, की त्या उरलेल्या वेळात तो बाकीच्या दहा जणांच्या जागा ठरवत असतो. आपले बॅक, म्हणजे बचावपटू, किती पुढे उभे राहणार, मधल्या फळीत किती मोकळी जागा पडणार, समोरचे किती जण अंगावर येण्याची हिंमत करणार, हे सगळं बरंचसं त्याच्यावर ठरतं.

सुरुवात १९९२ पासून करू. त्याआधी बॅकवर दाब आला की तो सरळ कीपरकडे चेंडू ढकलायचा, कीपर तो हातात उचलायचा, श्वास घ्यायचा, दोनदा टप्पा द्यायचा. १९९०च्या वर्ल्ड कपमध्ये या प्रकाराचा इतका वीट आला, की १९९२च्या उन्हाळ्यात नियमच बदलला: आपल्या माणसाने पायाने मुद्दाम दिलेला पास हातात घ्यायचा नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा पहिला मोसम नेमका तोच. आदल्या वर्षीचे विजेते लीड्स त्या मोसमात १७वे आले, घराबाहेर एकही सामना जिंकले नाहीत. सगळं खापर नियमावर फोडता येणार नाही, कारण त्यांचा स्ट्रायकर कँटोनाही नोव्हेंबरमध्ये युनायटेडला गेला होता. पण मागे पास देऊन दम खाणाऱ्या संघांची त्या वर्षी पंचाईत झाली, हे नक्की.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट. एडरसन सिटीत असतानाचा कुठलाही सामना काढा आणि फक्त त्याच्याकडे बघा. तो चेंडूवर बुटाचा तळवा ठेवून उभा राहतो. नुसता उभा. घाई नाही. समोरचा स्ट्रायकर दहा-बारा पावलांवर. त्याने धावून यावं की नाही? हिशोब साधा आहे. समोरच्यांचा कीपर त्यांच्या गोलमध्ये अडकलेला, म्हणजे मैदानात ते दहा. आपला कीपर खेळतोय, म्हणजे आपण अकरा. आपला एक माणूस कुठेतरी मोकळा असणारच. स्ट्रायकर एडरसनवर आला, तर त्याने सोडलेला सेंटर बॅक मोकळा. त्या बॅकवर मिडफिल्डर आला, तर त्याच्या मागचा मोकळा. आणि सगळेच एकेकाला धरून वर आले, तर मागे आपला स्ट्रायकर हालांड आणि त्यांचा एक बॅक, दोघंच. एडरसनची किक साठ-सत्तर मीटर सहज जाते. शिवाय गोल किकवर ऑफसाइड नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणजे समोरच्यांनी पुढे यायचं तरी भीती, नाही यायचं तरी चेंडू सिटीकडेच. ऑगस्ट २०१८मध्ये हडर्सफील्डविरुद्ध त्याच्या एका लांब चेंडूवर सिटीच्याच अग्युएरोने कीपरच्या डोक्यावरून चिप मारून गोल केला होता, तो एकदा जरूर बघा. कीपरने केलेल्या असिस्टचा (ज्यावर गोल होतो त्या पासचा) प्रीमियर लीग विक्रम पूर्वी पॉल रॉबिन्सनचा होता, आता एडरसनचा आहे.

हे नुसतं पायाचं कौशल्य नाही. २०१६मध्ये पेपने सिटीचा आधीचा कीपर जो हार्ट याला बाजूला सारून बार्सिलोनाहून क्लॉडिओ ब्राव्होला आणलं. पाय उत्तम, पण गोलवर आलेला चेंडू आत. ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्याच सामन्यात हातातून चेंडू निसटला आणि युनायटेडच्या झ्लाटानने गोल केला. त्या मोसमात सिटीने ३९ गोल खाल्ले. पुढच्या वर्षी एडरसन आला, २७ खाल्ले आणि १०० गुण झाले.

आणि उलट टोक म्हणजे युनायटेडचा कीपर डे हेया. २०१७च्या डिसेंबरात आर्सेनलच्या मैदानावर १४ सेव्ह! मी तो सामना उभ्याने बघितलाय. पण डे हेया राहायचा गोललाइनला चिकटून. तो पुढे येणार नाही हे बॅकना माहीत, म्हणून ते मागे सरकणार. ते मागे सरकले की मिडफिल्ड आणि बॅक यांच्यात एसटी वळवता येईल एवढी जागा. २०२२-२३मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, १७ क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) त्याच्या. आणि त्याच उन्हाळ्यात युनायटेडने त्याला नारळ दिला. असं का, हे कळलं तर अर्धा धागा कळला.

रविवारचा_बॅक

वाचनखूण साठवली. एसटीची उपमा जबरी.

पण नारळ दिल्यावर आणलं कोणाला? ओनानाला. पायाने खेळतो म्हणून. मग काय झालं ते आम्ही युनायटेडवाल्यांनी कसं सोसलं ते आम्हालाच ठाऊक. 😭 जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभारी आहे.

जुना_सिटीकर

लेख आवडला, पण १९९२ पासून सुरुवात करणं म्हणजे गोष्ट मध्यंतरापासून सांगणं. सिटीचा जुना कीपर बर्ट ट्राउटमनला विसरलात?

१९५६च्या एफए कप फायनलमध्ये मान मोडलेली असताना खेळला, एवढंच लोकांना ठाऊक असतं. तो जर्मन युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला आणि तिथेच राहिला. लहानपणी हँडबॉल खेळलेला, त्यामुळे त्याची फेक लांब आणि अचूक. त्या काळातले इंग्लिश कीपर चेंडू हातात आला की डोळे मिटून लांब हाणायचे. १९५३मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ धुतलं, तेव्हा त्यांचा कीपर ग्रोसिच चेंडू फेकून जवळच्या माणसाला द्यायचा. सिटीने तो खेळ उचलला. सिटीचा फॉरवर्ड डॉन रेव्ही मागे येऊन खेळायचा आणि ट्राउटमन विंग हाफकडे (कडेच्या मिडफिल्डरकडे) फेक करून चाल सुरू करायचा. ती किक नव्हे, पास होता. १९५६मध्ये तिथल्या पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं. तो मान मिळालेला तो पहिलाच गोलकीपर.

पुढे युनायटेडचा कीपर पीटर श्मायकलही तेच करायचा. तोही हँडबॉलवाला. कॉर्नर पकडला, दोन पावलं पळाला आणि अर्ध्या रेषेपलीकडे गिग्जच्या पायात फेकला, की समोरच्यांचे सहा जण अजून आपल्याच डी-बॉक्समध्ये. एडरसन काय करतो ते बघून तुम्ही पोरं हरखता. आमच्या वेळी हे हाताने होत होतं.

डाव्या_पायाचा

काका, दंडवत. ट्राउटमनची फेक माझ्या डोक्यातच नव्हती. हँडबॉलचा धागा तर भारीच.

आकडेमोड

थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा.

क्लीन शीट हा कीपरचा आकडा नाही, संघाचा आहे. युनायटेडचा कीपर व्हॅन डर सारने २००८-०९मध्ये सलग १४ लीग सामने गोल खाल्ला नाही, १३११ मिनिटं. समोर फर्डिनंड आणि विडिच. कीपर पीटर चेकच्या चेल्सीने २००४-०५मध्ये अख्ख्या मोसमात १५ गोल खाल्ले. समोर टेरी, कार्व्हाल्यो आणि त्यांच्यापुढे माकेलेले. यात कीपरचा वाटा किती, ते कसं वेगळं काढणार?

लेखातल्या ३९ आणि २७ बद्दलही तेच. २०१७च्या उन्हाळ्यात सिटीने एकटा एडरसन आणला नव्हता. वॉकर आला, मेंडी आला, पुढे जानेवारीत लापोर्त, सगळे बॅक. लिव्हरपूलचं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१७-१८मध्ये ३८ गोल खाल्ले, कीपर ॲलिसन आल्यावर २२. पण सेंटर बॅक व्हॅन डाइक जानेवारी २०१८मध्येच आला होता, म्हणजे दुसऱ्या वर्षी तो पूर्ण मोसम मिळाला.

सेव्हचं मोजमाप आता बरं झालंय. फटका गोलच्या कुठल्या कोपऱ्यात, किती जोरात आला, त्यावरून तो गोल व्हायची शक्यता काढतात आणि कीपरने त्यापेक्षा कमी खाल्ले की जास्त ते बघतात. पण तुम्ही म्हणता तो परिणाम, म्हणजे बॅक दहा पावलं पुढे उभे राहिले म्हणून जो फटका बसलाच नाही, तो कुठल्या तक्त्यात लिहिणार?

डाव्या_पायाचा

अहो, हाच तर मुद्दा आहे! न बसलेला फटका.

ॲलिसनचं उदाहरण मी मुद्दाम ठेवलं होतं. व्हॅन डाइक पूर्ण मोसम होता हे मान्य. पण व्हॅन डाइक अर्ध्या रेषेजवळ उभा राहू शकला तो कोणाच्या जिवावर? मागे चाळीस मीटर उघडं रान आहे आणि त्या रानाची राखण करायला एक माणूस आहे म्हणून. ॲलिसनची खुबी अशी, की एकटा स्ट्रायकर अंगावर आला तरी तो लवकर आडवा होत नाही. पायावर उभा राहतो, हात पसरतो, एकेक पाऊल पुढे सरकतो. निर्णय समोरच्याला घ्यायला लावतो. बहुतेक कीपर इथेच घाई करून बसतात.

चुका केल्या नाहीत असं नाही. सप्टेंबर २०१८मध्ये लेस्टरला स्वतःच्या कोपऱ्यात नाचायला गेला, इहेनाचोने चेंडू काढून घेतला, गोल. फेब्रुवारी २०२१मध्ये सिटीविरुद्ध दोन पास थेट त्यांच्या पायात, १-४. पण दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचा कोच क्लॉपने बॅकना मागे ओढलं का? नाही. त्याच मोसमात मे महिन्यात वेस्ट ब्रॉमविरुद्ध ९५व्या मिनिटाला यानेच कॉर्नरवर हेडरने गोल मारला. वडील जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. तो गोल मी आजही अधूनमधून लावतो.

तालीमवाला_कोल्हापूर

वाचून लई बरं वाटलं. मी स्वतः गोलकीपर. पेठेतल्या एका तालमीकडून खेळतो, नाव सांगत नाही, पोरं वाचतात.

दोन वर्षांमागची गोष्ट. रात्रभर मोबाइलवर एडरसनचे व्हिडिओ बघून सकाळी मॅचला गेलो. गोल किक. २०१९ पासून गोल किक बॉक्समध्येच घेता येते, म्हणून मी आमच्या बॅकला शेजारी बोलावलं आणि टुक करून दिला. त्याच्यावर त्यांचा पोरगा सुटला. बॅकने परत मला दिला. मी चेंडूवर बुटाचा तळवा ठेवला. एकदम एडरसन. समोर बघितलं तर आमचे दोन्ही हाफ माझ्याकडं पाठ करून अर्ध्या रेषेकडं पळत सुटलेले, कारण गोल किक म्हणजे लांब मारणार हे त्यांना चौथीपासून माहीत. मोकळा माणूस कोण? कोणच नाही. खाली चिखल. तळवा घसरला, चेंडू तिथंच, त्यांच्या पोरानं रिकाम्या गोलमध्ये ढकलला. स्टेडियममध्ये हलगी वाजली ती अजून कानात आहे.

कोच काहीच बोलला नाही. हाफ टाइमला सगळ्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाला, "तुझा पाय चांगला हाय रे. पर बाकीच्या धाला कुणी व्हिडिओ दाखवला?"

म्हणून म्हणतो भावा, अकरा विरुद्ध दहाचा हिशोब बरोबर आहे, पण तो अकराही जणांना पाठ पाहिजे.

रविवारचा_बॅक

"बाकीच्या धाला कुणी व्हिडिओ दाखवला" 😂😂 ही सही म्हणून लावतोय. ओनानाची अख्खी कहाणी एका ओळीत आली.

म्हापशेंकार

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. आवाज!

टीव्हीवर प्रेक्षकांचा गोंगाट येतो, कीपरचा आवाज येत नाही. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कप्तान कीपर दिला, तिथे कीपरला आधी तोंड चालवायला शिकवतात. "अवे" म्हटलं की बॅकने हाणायचं, "कीपर" म्हटलं की बाजूला व्हायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर दोघंही जातात किंवा दोघंही थांबतात, आणि मग गोल.

आणि हल्लीचे कॉर्नर बघा. कीपरला सहा यार्डांत चार जण कोंडून ठेवतात. आर्सेनलचा बेन व्हाइट कॉर्नरच्या आधी स्पर्सचा कीपर विकारिओच्या ग्लोव्हशी खेळत होता, आठवतंय? आर्सेनलने त्या बाबतीत तर दुकानच उघडलंय. ज्या कीपरला गर्दीतून बाहेर येऊन ठोसा मारता येत नाही, त्याच्या संघाला कॉर्नर देण्याचीच धास्ती वाटते. मग बॅक चेंडू बाहेर काढायच्याऐवजी आतच खेळवत बसतात आणि आणखी गोत्यात येतात.

निवृत्त_पंच

नियमांचं निघालंच आहे म्हणून दोन शब्द. पूर्वी कीपरने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला, तर इनडायरेक्ट फ्री किक होती. कोणी देत नसे, मीही कधी दिली नाही. बॉक्समध्ये एवढी मोठी शिक्षा द्यायला हात धजत नाही. २०२५-२६च्या मोसमापासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजतो, सगळ्यांना दिसेल असं. कॉर्नर देताना मन खात नाही, त्यामुळे नियम पाळला जाईल असं वाटतं. जिंकत असताना चेंडू पोटाशी धरून लोळायचे दिवस गेले. ट्राउटमनसारखी फेक पुन्हा कामाला येईल.

लंडनस्थ_मिनी

मी काही वर्षांपासून लंडनमध्ये आहे. तिकीट परवडेल तेव्हा आणि मिळेल तिथे जाते. बहुतेक वेळा गोलच्या मागची स्वस्त जागा मिळते, आणि तिथून हा खेळ वेगळाच दिसतो.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. मागच्या वर्षी आर्सेनलचा सामना होता, चेंडू पलीकडच्या टोकाला, सगळं मैदान तिकडे. माझ्यासमोर आर्सेनलचा कीपर डेव्हिड राया. गोल सोडून, बॉक्स सोडून बराच पुढे आलेला. एकटाच. सारखा चालत होता. चेंडू डावीकडे गेला की दोन पावलं डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. हात सतत हलत होते, बॅक सलिबाला "अजून वर, अजून वर" असं खुणावत. जवळपास दहा मिनिटं त्याच्याकडे चेंडू आलाच नाही आणि तो एक सेकंद थांबला नाही. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, आधीचा कीपर रॅम्सडेल इथे असताना लोकांशी बोलायचा, हा बोलत नाही.

२०२३मध्ये रॅम्सडेलला बसवून रायाला आणलं तेव्हा मीही चिडले होते. रॅम्सडेल लाडका होता. राया सुरुवातीला चुकलाही. पण त्या मोसमात गोल्डन ग्लोव्ह (सर्वाधिक क्लीन शीटचा मान) त्यालाच मिळाला, पुढच्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सेल्सबरोबर वाटून. सेव्ह कोणाचे भारी यावर मी वाद घालणार नाही. एवढं नक्की, की तो आल्यावर आर्सेनलचे बॅक बसतात कुठे ते बदललं. आता ते समोरच्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात.

डाव्या_पायाचा

मिनीताई, हे वर्णन म्हणजे माझ्या अख्ख्या लेखापेक्षा भारी आहे. धागा तुमच्या नावावर करतो.

टॉफी_खाऊ

तुम्ही सगळे मोठ्या दुकानांची गिऱ्हाइकं. जागा, हिशोब, अकरा विरुद्ध दहा. आमच्यासारख्या एव्हर्टनवाल्यांना विचारा.

१ मे २०२२. आम्ही खालच्या लीगमध्ये जायच्या काठावर. चेल्सीविरुद्ध १-० पुढे. त्यांच्या माउंटचा फटका खांबाला लागून परत आला, अस्पिलिक्वेटा समोर, गोल जवळजवळ रिकामा. आमचा कीपर पिकफर्ड दुसऱ्या टोकाला होता. तिथून लोळत, सरपटत, कसा पोहोचला देव जाणे, पण अडवला. आम्ही तगलो, १६वे आलो. पिकफर्डने त्या दिवशी कोणाच्या जागा ठरवल्या नाहीत. त्याने गोल अडवला, बस्स. मूळ काम तेच.

आकडेमोड

+१. आणि इथेच डोनारुम्मा येतो. ऑगस्ट २०२५मध्ये सिटीने घरच्या मैदानावर स्पर्सविरुद्ध तरुण कीपर जेम्स ट्रॅफर्डला खेळवलं. त्याचा बॉक्समधला पास कापला गेला, पालिन्याचा गोल, ०-२. पुढे खेळाडूंचा बाजार बंद व्हायच्या दिवशी डोनारुम्मा आला, एडरसन तुर्कीला गेला. पहिला सामना युनायटेडविरुद्ध, मँचेस्टर डर्बी, त्यांच्या एम्बुमोची व्हॉली जी काढली ती काढली. ३-०. मग धागाकर्त्यांच्या मित्राचं काय चुकलं? ज्याने हे खूळ आणलं त्यानेच ठरवलं, की आधी गोल अडवणारा हवा.

डाव्या_पायाचा

चुकलं नाही, अर्धं बोलला. पुढच्याच आठवड्यातला आर्सेनलचा सामना बघा. हालांडचा लवकर गोल, मग सिटी मागे मागे. पेपच्या संघाकडे चेंडू जेमतेम एक तृतीयांश वेळ! पेपच्या! शेवटी पाच बॅक. मी डोळे चोळून बघत होतो. हे सगळं कीपरमुळे झालं असं म्हणणार नाही, दमलेलेही होते. पण एडरसन असता तर त्या दाबातून तीन-चार वेळा तरी पासने सुटका झाली असती. डोनारुम्मा लांब मारत होता आणि चेंडू बूमरँगसारखा परत येत होता. आणि ९३व्या मिनिटाला एझेचा लांब चेंडू, डोनारुम्मा पुढे आलेला, मार्टिनेलीने डोक्यावरून लॉब. १-१.

म्हणजे कीपर बदलला आणि सिटी वेगळ्या जागी उभी राहायला लागली. चांगलं की वाईट ते मोसमाच्या शेवटी बघू. पण माझा मुद्दा याने खोडला जातो की पक्का होतो?

आकडेमोड

वकिली छान करता. लॉब झाला तेव्हा तो पुढे का आला होता, हेही सांगा की. गोललाइनवर थांबला असता तर?

डाव्या_पायाचा

थांबला असता तर मार्टिनेलीला चेंडू खाली घ्यायला वेळ मिळाला असता. पण हो, तिथे निर्णय चुकला. मान्य.

जुना_सिटीकर

पंच्याहत्तर वर्षांत सिटीचे तीन जर्मन कीपर, दोन डेन, ब्राझिलियन आणि आता इटालियन, सगळे प्रकार बघून झाले. आम्हाला फक्त लीग जिंकून द्या. (डेन म्हणजे पीटर श्मायकल आणि त्याचा मुलगा कास्पर. कास्पर आमच्याकडेच वाढला आणि २०१६ची लीग लेस्टरला जिंकून दिली. ट्राउटमनशिवाय बाकीचे दोन जर्मन कोण ते ओळखा, चहा पाजतो.)

तालीमवाला_कोल्हापूर

काका, चहा राहू दे, आधी रिपोर्ट घ्या.

मिनीताईंचं वाचून काल प्रॅक्टिस मॅचमध्ये राया केला. चेंडू पलीकडं असताना बॉक्सच्या रेषेवर जाऊन उभा. पहिल्या वीस मिनिटांत डोक्यावरून एक आत. पोरं हसली. पण मी परत मागं गेलो नाही, आणि या वेळी मॅचच्या आधी बॅकना पारावर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये आमचा थोरला बॅक, जो कधी आमचा बॉक्स सोडत नाही, तो सेंटर सर्कलमध्ये उभा होता. तीनदा लांब चेंडू आला, तिन्ही वेळा मीच पुढं येऊन काढला. एक तर हेडरनं.

२-१ हरलो. पर रविवारी परत तिथंच उभा राहणार. कोणी शाहू स्टेडियमला येणार असेल तर आवाज द्या.

रविवारचा_बॅक

येतो. हलगी घेऊन.